‘आपल्याकडे असंच करतात’ या उत्तराच्या पुढे

प्रश्न : मी एका कारखान्याच्या मेंटेनन्स विभागात इंजिनिअर आहे. मला कुठल्या कंपनीनं परदेशी पाठवलं नाही. मीच अर्ज केला, मुलाखती दिल्या, वर्क परमिट मिळवलं आणि आले. पहिल्या काही महिन्यांतच लक्षात आलं की इथे मोटरच्या बेअरिंगना कॅलेंडर बघून ग्रीस भरतात. मोटर किती तास चालली, तापतेय का, आवाज करतेय का, हे कुणी बघत नाही. जादा ग्रीसमुळे बेअरिंग लवकर जातात, हे मी आधीच्या नोकरीत वर्षानुवर्षं हाताळलंय. मीटिंगमध्ये तसं बोलले. थोडा वेळ कुणीच काही बोललं नाही, मग ‘आपल्याकडे असंच करतात’ म्हणून पुढचा विषय निघाला. यंदा बाहेरून एक कन्सल्टंट आला, त्यानं नेमकं तेच सांगितलं, आणि सगळ्यांनी ते लिहून घेतलं. तेव्हापासून मी गप्प आहे. आणखी दोन शंका आहेत. माझं कॉन्ट्रॅक्ट लवकरच रिन्यू व्हायचंय. मला येतं ते सगळं देऊन टाकलं तर माझी गरज काय उरेल? आणि आधीच्या कंपनीत मी तयार केलेली ग्रीसिंगची शीट माझ्याकडे आहे, ती इथे वापरू का?
– एक वाचक

उत्तर : कन्सल्टंटच्या बोलण्यावर माना डोलावणाऱ्या त्याच लोकांमध्ये बसून राहणं तुम्हाला किती जड गेलं असेल, हे पत्रातून कळतं. तुमचा राग रास्त आहे. पण त्या दिवसानं एक गोष्ट तुमच्या बाजूनं सिद्धही केली. तुमचं म्हणणं बरोबर होतं आणि ते या कारखान्यात चालण्यासारखं होतं. म्हणजे अडलं ते माहितीच्या खरेपणावर नाही. ती पोचण्याच्या वाटेवर अडलं. वाट दुरुस्त करता येते, म्हणून हे उत्तर जरा सविस्तर लिहिते आहे.

कन्सल्टंटकडे तुमच्यापेक्षा जास्त काय होतं ते बघा. त्याला कुणीतरी बोलावलं होतं, प्रश्न विचारला होता, त्याची फी ठरली होती, त्याच्यासाठी सगळ्यांनी वेळ काढला होता. मुख्य कार्यालयातून दोन-तीन वर्षांसाठी पाठवलेल्या माणसाचंही असंच असतं. तो येण्याआधी त्याच्याबद्दल पत्र येतं, तो काय शिकवायला येतोय हे सगळ्यांना ठाऊक असतं, आणि त्याचं ऐकलं नाही तर वरून विचारणा होते. तुमच्यासारखं स्वतःच्या हिमतीवर आलेल्या माणसाच्या मागे यातलं काहीच नसतं. तो स्थानिक करारावर, स्थानिक पगारावर, एका रिकाम्या जागेवर रुजू होतो. जागा भरली, विषय संपला. त्या माणसाबरोबर दुसऱ्या उद्योगातला, दुसऱ्या पद्धतीचा सगळा अनुभवही दारातून आत आलाय, याची नोंद कुठल्याच फॉर्मवर होत नाही.

संशोधकांचंसुद्धा या फरकाकडे उशिरा लक्ष गेलं. परदेशी नोकरीवरचा अभ्यास बराच काळ कंपनीनं पाठवलेल्या लोकांभोवतीच फिरत होता. 1997 मध्ये कर इंकसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपणहून जाणाऱ्यांचा वेगळा विचार मांडला. 2000 मध्ये वेसा सूतारी आणि ख्रिस ब्रूस्टर यांनी परदेशी काम करणाऱ्या फिनिश इंजिनिअरांचा अभ्यास केला, आणि आपणहून गेलेल्यांची कारणं, कामाची जागा, मिळणाऱ्या सोयी हे सगळंच पाठवलेल्यांपेक्षा वेगळं असल्याचं दाखवलं. तुमच्या कंपनीतल्या एचआरला हा फरक माहीत असेलच असं धरून चालू नका.

भाषेचा भाग वेगळा आहे, आणि तो दुखरा आहे. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण परक्या भाषेत, परक्या उच्चारात मीटिंगमध्ये बोलणं आणि ते ऐकलं जाणं यात नेहमीच थोडी गळती होते. शिरी लेव-आरी आणि बोअझ कायसर यांनी शिकागो विद्यापीठात केलेला एक प्रयोग 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. ‘जिराफ उंटापेक्षा जास्त दिवस पाण्यावाचून राहू शकतो’ अशा तऱ्हेची साधी विधानं काही जणांनी स्थानिक उच्चारात आणि काही जणांनी परक्या उच्चारात वाचून दाखवली. बोलणारा फक्त समोरचा कागद वाचतोय, हे ऐकणाऱ्यांना सांगितलेलं होतं. तरीही परक्या उच्चारातली विधानं त्यांना कमी खरी वाटली. कारण द्वेष नव्हता. ऐकायला जास्त कष्ट पडले, आणि त्या कष्टाचा दोष मनानं नकळत विधानावर टाकला. दुसऱ्या फेरीत ऐकणाऱ्यांना याची आधीच कल्पना दिली, तेव्हा सौम्य उच्चाराच्या बाबतीत त्यांनी स्वतःला सावरलं, ठळक उच्चाराच्या बाबतीत तेही जमलं नाही. तुम्ही उच्चार बदलायच्या मागे लागा असं मी मुळीच म्हणत नाही. महत्त्वाची गोष्ट फक्त तोंडी मांडू नका, एवढंच यातून घ्या. आकडे, आलेख, एक फोटो, एक पानाची टीप सोबत असली की उच्चाराचा अडथळा बराच कमी होतो.

आता मूळ मुद्दा. तुम्ही त्या मीटिंगमध्ये कुणीही न विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दिलंत. उत्तर बरोबर असूनही ते ऐकणाऱ्याला टीकेसारखं लागलं, कारण ती पद्धत ज्यांनी घालून दिली ती माणसं त्याच टेबलाशी बसली असणार. म्हणून माझा पहिला सल्ला असा की यापुढे सांगण्याआधी विचारा. हे मनापासून करायचं आहे, युक्ती म्हणून नव्हे. कॅलेंडर बघून ग्रीस भरायचं कधी आणि का ठरलं, हे तुम्हाला अजून माहीत नाही, निदान पत्रात तसं दिसत नाही. कदाचित पूर्वी कधी ग्रीस न मिळाल्यामुळे बेअरिंग जाम होऊन लाइन बंद पडली असेल, आणि तेव्हाच्या प्रमुखांनी ‘पुन्हा नको’ म्हणून हा नियम केला असेल. कदाचित मोटर बनवणाऱ्यांच्या वॉरंटीत अट असेल. कदाचित रनिंग अवर्स नोंदवायला मीटरच नसतील, किंवा रात्रपाळीला एकच माणूस असेल आणि त्याला झेपेल असा नियम तेवढाच असेल. यातलं प्रत्येक कारण तुमच्या उपायाचं रूप बदलतं. वॉरंटीची अट असेल तर आधी मोटर बनवणाऱ्यांशी बोलावं लागेल. माणसं कमी असतील तर तुमची पद्धत सगळ्या मोटरना नाही, मोजक्या महत्त्वाच्या मोटरनाच लावावी लागेल.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. ज्ञानाची देवाणघेवाण म्हणताना आपण बहुतेकदा फक्त देण्याचा विचार करतो. तुमच्या आधीच्या कारखान्यात जे चालत होतं, ते तिथल्या मशीन, माणसं आणि हवामान यांच्यासकट चालत होतं. इथला जुना टेक्निशियन, ज्याला कदाचित तुमच्याइतकं शिक्षण नसेल, तो या इमारतीतली प्रत्येक मोटर ओळखतो. कुठली पाण्याच्या फवाऱ्याखाली येते, कुठल्या मोटरमध्ये मागे दुसऱ्याच प्रकारचं ग्रीस भरलं गेलं होतं, हे त्याला ठाऊक असतं. तुम्हाला माहीतच आहे की लिथियमचं आणि पॉलीयुरियाचं ग्रीस एकत्र आलं की बरेचदा त्याचं पाणी होतं किंवा ते घट्ट बसतं. ही माहिती कुठल्याही शीटवर नसेल, त्याच्याकडे असेल. त्याच्याकडून शिकल्याशिवाय तुमचा सल्ला अर्धाच राहील.

गॅब्रिएल झुलान्स्की यांनी 1996 मध्ये आठ कंपन्यांतल्या 122 उदाहरणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच कंपनीत एका ठिकाणची चांगली पद्धत दुसऱ्या ठिकाणी नेताना ती का अडकते, हा त्यांचा प्रश्न होता. लोकांची इच्छाच नसते, असं आपण पटकन म्हणून मोकळे होतो. त्यांना त्यापेक्षा मोठे अडथळे दुसरेच दिसले. घेणाऱ्याकडे ती गोष्ट पचवण्याइतकी पूर्वतयारी नसते, पद्धत नेमकी कशामुळे चालते हे देणाऱ्यालाही पुरतं सांगता येत नाही, आणि दोघांमधलं नातं अवघडलेलं असतं. हे सगळं एकाच कंपनीच्या आत! तुम्ही तर दुसऱ्या देशातून, दुसऱ्या कंपनीतून आलेल्या. तुमच्या बाबतीत तिन्ही अडथळे आहेत आणि त्यातला कुठलाही मीटिंगमध्ये जोर देऊन बोलल्यानं दूर होणारा नाही.

दुसऱ्या अडथळ्याबद्दल थोडं जास्त बोलायला हवं, कारण तो तुमच्याच हातात आहे. ग्रीस भरताना हात कधी थांबवायचा, हे तुम्हाला कसं कळतं? आवाजावरून, गनच्या हँडलला लागणाऱ्या जोरावरून, बेअरिंगभोवतीच्या कवचाच्या, म्हणजे हाउसिंगच्या तापमानावरून. ते तुमच्या हातात आहे, शब्दांत नाही. माणसाला जेवढं सांगता येतं त्यापेक्षा जास्त कळत असतं, हा विचार मायकल पोलानी यांनी मांडला. बुडापेस्टमध्ये जन्मलेले पोलानी आधी बर्लिनमध्ये रसायनशास्त्रज्ञ होते आणि 1933 मध्ये जर्मनी सोडून मँचेस्टरला गेले. देश बदलणाऱ्या शास्त्रज्ञालाच हे सुचावं, यात मला नवल वाटत नाही. जुन्या जागी न बोलता भागणाऱ्या कितीतरी गोष्टी नव्या जागी उघडून सांगाव्या लागतात, तेव्हाच त्या आपल्याला येतात हे कळतं.

अशी माहिती सूचना देऊन जात नाही, शेजारी उभं राहून जाते. म्हणून सगळ्या कारखान्याची पद्धत बदलायचा प्रस्ताव बाजूला ठेवा. वरिष्ठांची परवानगी घेऊन तीन-चार मोटर निवडा, शक्यतो ज्यांची बेअरिंग वारंवार बदलावी लागतात अशा. त्या जुन्या टेक्निशियनला बरोबर घ्या. आधीचं तापमान आणि व्हायब्रेशन नोंदवा, ग्रीसची मात्रा बेअरिंगच्या मापावरून काढा, भरल्यानंतर पुन्हा मोजा, आणि हेच काही महिने चालू ठेवा. निकाल सांगताना त्यालाच बोलू द्या. तुमच्या तोंडून आलेलं पुन्हा ‘बाहेरचं’ ठरेल, त्याच्या तोंडून आलेलं घरचं ठरेल. तुमचं श्रेय जाईल अशी भीती वाटेल, त्यावर उपाय आहे. ती एक पानाची टीप दोघांच्या नावानं लिहा, तारीख घाला आणि विभागाच्या सामाईक फोल्डरमध्ये ठेवा.

नावाचं महत्त्व किती असतं याचं एक चांगलं उदाहरण आहे. झेरॉक्स कंपनीचे फोटोकॉपी मशीन दुरुस्त करणारे टेक्निशियन मॅन्युअलपेक्षा एकमेकांना सांगितलेल्या किश्शांमधून जास्त शिकतात, हे ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञानं त्यांच्याबरोबर फिरून पाहिलं. पुढे 1990 च्या दशकात कंपनीनं ‘युरेका’ नावाची व्यवस्था उभी केली. तिची सुरुवातीची चाचणी फ्रान्समध्ये झाली. टेक्निशियननं शोधलेला उपाय अनुभवी सहकारी तपासत आणि मग तो सगळ्यांना खुला होई. टिपेमागे पैसे न देता, ती लिहिणाऱ्याचं नाव तिच्यावर राहील अशी पद्धत ठेवली गेली, आणि ती चालली. तुमच्या कारखान्यात अशी व्यवस्था नसेल, पण नाव आणि तारीख घातलेलं एक पान ठेवायला कुणाची मंजुरी लागत नाही.

आता काही वाक्यं तुमच्या वरिष्ठांसाठी. हे उत्तर त्यांना दाखवायचं धाडस झालं तर जरूर दाखवा, कारण सगळा भार तुमच्यावर टाकणं अन्यायाचं होईल. साहेब, ज्या माहितीसाठी तुम्ही कन्सल्टंटला पैसे मोजलेत, ती तुमच्याच पगारावर काम करणाऱ्या बाईंनी आधी सांगितली होती. हे का ऐकू आलं नाही, याचा शोध घेणं तुमचं काम आहे. राल्फ काट्झ आणि टॉम ॲलन यांनी 1982 मध्ये संशोधन विभागातल्या 50 गटांचा अभ्यास मांडला होता. माणसं साधारण पाच वर्षांपेक्षा जास्त काळ एकत्र राहिली की त्यांचं बाहेरच्यांशी बोलणं कमी होत जातं आणि कामगिरीही उतरू लागते, असं त्यांना दिसलं. परदेशातून आपणहून आलेला कर्मचारी म्हणजे या बंद खोलीला मिळालेली खिडकी आहे. त्याला पहिल्या दोन-तीन महिन्यांतच समोर बसवून विचारा, ‘तुम्ही आधी जिथे होता तिथे हे कसं करायचे? इथे काय विचित्र वाटतं?’ उशीर केलात तर त्याची नजर सरावते, आणि त्यालाही ‘असंच करतात’ हे पटू लागतं.

आणखी एक. ज्याचं परमिट तुमच्या सहीवर अवलंबून असतं, त्याला मीटिंगमध्ये तुमच्या पद्धतीतली खोट दाखवणं स्थानिक कर्मचाऱ्यापेक्षा कितीतरी महाग पडू शकतं. चुकलं तर त्याची नुसती नोकरी जात नाही, घर, मुलांची शाळा, देशात राहण्याचा हक्क हे सगळं एकदम पणाला लागतं. एवढं असूनही कुणी बोललं, तर निदान ‘कारण काय आहे ते सांगतो, दोन दिवस द्या’ एवढं उत्तर त्याला मिळायला हवं. आणि कंपनीची न लिहिलेली माहितीही त्याला द्यायला हवी. कुठला निर्णय कोण घेतं, कुणाला आधी विचारावं लागतं, कुठल्या विषयावर जुना वाद आहे, हे त्याला कुणीच सांगत नाही आणि मग त्यानं चुकीच्या जागी तोंड उघडलं असं ठरतं.

पुन्हा तुमच्याकडे येते. रिन्यूअलची भीती समजण्यासारखी आहे, आणि हातचं राखून ठेवावं असं वाटणारे तुम्ही एकट्याच नाही. कॅथरीन कॉनेली आणि सहकाऱ्यांनी 2012 मध्ये अशा लपवण्याचे तीन प्रकार नोंदवले. टोलवाटोलवी करणं, माहीत नसल्याचं सोंग घेणं, आणि ‘हे सांगायची मला मुभा नाही’ असं कारण पुढे करणं. 2014 मध्ये मातेय चेर्ने आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात त्याचा परिणाम दिसला. लपवणाऱ्याशी इतरही लपवाछपवी करू लागतात, आणि शेवटी लपवणाऱ्याचीच नवं काही सुचण्याची ताकद कमी होते. तुमच्या बाबतीत तर हा सौदा आणखी तोट्याचा आहे. स्थानिक माणसाला माहिती मिळवायला ओळखी असतात, जुने मित्र असतात. तुमच्याकडे देवाणघेवाण हाच एक रस्ता आहे, तो तुम्हीच बंद केलात तर इथलं काहीच तुमच्यापर्यंत येणार नाही.

शिवाय ग्रीसची मात्रा काढायचं सूत्र दिलं म्हणून तुमची गरज संपत नाही. ते सूत्र बेअरिंग बनवणाऱ्यांच्या कॅटलॉगमध्येही मिळतं. उद्या नवी मशीन आली, वेगळा बिघाड आला, तर कुठे बघायचं हे ओळखणारी नजर तुमची आहे, आणि ती देऊन टाकता येत नाही. मात्र एक सावधगिरी घ्या. रिन्यूअलच्या चर्चेच्या आधी तीन-चार मोटरची नोंद हातात ठेवा. किती बेअरिंग वाचली, लाइन किती वेळ बंद राहण्यापासून वाचली, हे आकड्यांत सांगा, आणि हे काम तुमच्या कामाच्या वर्णनात लेखी घालून मागा. ‘मी बरंच शिकवलं’ असं म्हणण्यापेक्षा त्या कागदाला जास्त वजन असेल. कॉन्ट्रॅक्टची मुदत आणि परमिटची मुदत यांतलं अंतरही आत्ताच तपासा. म्हणजे चर्चेला घाबरून बसावं लागणार नाही.

शीटबद्दल मात्र माझं उत्तर स्पष्ट आहे : ती वापरू नका. तुम्ही तयार केलेली असली तरी नोकरीत, त्या कंपनीच्या कामासाठी तयार केलेली फाइल बहुतेक ठिकाणी कंपनीचीच मानली जाते. जागतिक व्यापार संघटनेच्या बौद्धिक संपदेबद्दलच्या ट्रिप्स कराराचं 39वं कलम गुप्त व्यावसायिक माहितीला संरक्षण देतं. ती माहिती गुप्त असावी, गुप्त असल्यामुळेच तिला व्यापारी किंमत असावी, आणि ती गुप्त ठेवण्यासाठी मालकानं वाजवी काळजी घेतलेली असावी, अशा त्याच्या तीन अटी आहेत. ग्रीसिंगची शीट त्यात बसेल की नाही हा वकिलाचा प्रश्न, पण तुमच्या जुन्या कॉन्ट्रॅक्टमध्ये गोपनीयतेचं कलम असेल तर त्याआधीच अडचण येऊ शकते. आणि नव्या कंपनीच्या नजरेतही, जी व्यक्ती जुन्याची फाइल इथे आणते ती इथली फाइल उद्या दुसरीकडे नेईल, ही शंका कायमची बसते.

याचा अर्थ तुमचा अनुभव जुन्या कंपनीकडे गहाण आहे असा नाही. युरोपीय संघाच्या 2016 च्या व्यापार-गुपितांच्या निर्देशात तर स्पष्टच म्हटलंय की नोकरी करताना प्रामाणिकपणे मिळवलेलं कौशल्य आणि अनुभव वापरायला कर्मचाऱ्याला त्या निर्देशाच्या आधारे अडवता येणार नाही. इतर देशांत शब्द आणि मर्यादा वेगळ्या असतील, तिथला कायदा बघून घ्या. बेअरिंगचं शास्त्र तुमचं आहे, तुमचे हात तुमचे आहेत. जुन्या कंपनीतल्या मशीनचे नंबर, पुरवठादारांचे दर, बिघाडांची आकडेवारी तुमची नाही. इथली शीट कोऱ्या कागदावर, इथल्या मोटर बघून, त्या टेक्निशियनबरोबर बसून नव्यानं करा. ती जुन्यापेक्षा बरी होईल असं मला वाटतं, कारण तिच्यात या कारखान्याचीही माहिती असेल.

एवढं करूनही सहा-आठ महिन्यांत कुणी ढुंकून बघितलं नाही, तर ते तुमचं अपयश समजू नका. काही जागा ऐकण्याच्या स्थितीतच नसतात. तेव्हा आधी त्याच कंपनीत दुसरा विभाग किंवा दुसरा प्लांट बघा, कारण बदली झाली तरी परमिट बहुधा टिकतं, मात्र तेही आधी विचारून घ्या. बाहेर जायचं ठरलंच तर मुलाखतीत उलट प्रश्न विचारा : ‘तुमच्याकडे अलीकडे बाहेरून आलेल्या माणसानं सुचवलेली कुठली गोष्ट तुम्ही स्वीकारलीत?’ उत्तर देताना ते कुणाचं नाव घेतात का, ते नीट ऐका.